तोड निघाली

सातव्या दिवशी सकाळी फौजदारिणीने आपला फोन एका ट्रक ड्रायव्हरच्या तोंडावर फेकून मारला. दगड पायाशी पडले होते, पण दगडासाठी वाकावं लागतं, आणि तिच्या रागाला तेवढा दम कधीच नसायचा. फोन नेमका नाकावर बसला, तिथून उडून पुलाच्या कठड्यावर आपटला आणि दोन तुकडे होऊन नदीत गेला. ड्रायव्हरने नाकाला हात लावला तर हात लाल झाला.

"गेला की फोन," पैलवान म्हणाला.

"जाऊ दे. नाक तरी फुटलं."

या पैलवानाने आयुष्यात कधी कुस्ती केली नव्हती. काठीला सदरा घातल्यासारखा माणूस, म्हणून गावाने त्याला पैलवान केलं होतं. आणि फौजदारीणही कधी पोलिसात नव्हती. ती टोमॅटो लावायची. फार वर्षांपूर्वी तिच्या पाटाचं पाणी चोरून फोडणाऱ्या एका दांडगटाला तिने खोऱ्याच्या दांड्याने असं काही धुतलं, की त्याने पुढचा महिना पालथं झोपून काढला. तेव्हापासून हे नाव पडलं ते पडलंच. आता पन्नाशी उलटली होती, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी हात तोच होता.

ड्रायव्हर वरच्या अंगाच्या गावातला होता. गाडीत जनावरांचा चारा आहे म्हणून शपथा खात होता, आणि ताडपत्री उचलली तर वर खरोखरच चारा होता. बाकीचे फसलेही असते. फौजदारीण मात्र गाडीच्या मागे जाऊन चाकाजवळ वाकली.

"स्प्रिंगचे पाटे बघा याचे. सरळ झालेत. चाऱ्याने गाडी एवढी बसते होय रे?"

"खड्ड्यांनी बसलेत," ड्रायव्हर म्हणाला.

"आणि पुलाचा सांधा ओलांडताना आवाज का नाही आला? रिकामा क्रेट या पैलवानासारखा असतो, सारखी बडबड. भरलेला क्रेट वाजत नाही. तीस वर्षं मी हेच ऐकत आलेय."

चाऱ्याच्या पेंढ्या उपसल्या तर खाली टोमॅटोचे क्रेट निघाले, एकावर एक. मग कोणी कोणाचं ऐकलं नाही. चाळीस माणसं गाडीवर चढली. क्रेट खाली आले, पायांखाली तुडवले गेले, पुलावरचा डांबरी रस्ता लाल चिखलाचा झाला. ड्रायव्हरला त्याच चिखलात लोळवून लाथा घातल्या. त्याच्या तोंडात माल कोंबला, "खा, फुकट आहे" म्हणून. एकाने बरगडीत बूट मारला तसा तो वाकडा झाला आणि ओकला. लाल ओकला, पण ते रक्त होतं की टोमॅटो, ते त्या घोळात कळेना.

"पुरे," फौजदारीण म्हणाली.

आवाज चढवला नव्हता. पण तिचं पुरे म्हणजे पुरे. माणसं बाजूला झाली. ड्रायव्हर कसाबसा उठला, गाडीत चढला, आणि गाडी मागे वळवता वळवता खिडकीतून म्हणाला, "दुपारी येतो. गाडी भरून माणसं आणतो. मग बघू पूल कोणाचा आहे."

त्याचं हे बोलणं दिवसभर सगळ्यांच्या डोक्यात राहिलं.

भांडण मुळात वरच्या गावांशी नव्हतंच. भांडण कारखान्याशी होतं. पुलाच्या खालच्या अंगाला, नदीच्या कडेने दोन तासांवर, टोमॅटोचा लगदा करून डब्यांत भरणारा कारखाना होता. रोपं कारखान्याने दिली, लागवडीच्या वेळी भावही कारखान्यानेच सांगितला, मागच्या वर्षीचाच. माल लाल झाला आणि एका सकाळी गेटावरच्या फळ्यावर निम्मा भाव लिहून आला. माल जास्त झालाय, घ्यायचं तर घ्या. निम्म्या भावात तोडणाऱ्या बायकांची मजुरीसुद्धा सुटत नव्हती. मोठे बागायतदार सावरले असते. दोन-तीन एकरवाल्यांनी काय करायचं, तर लाल माल झाडावर सडताना बघायचा.

मग नदीकाठच्या पाच गावांनी ठरवलं, तोड बंद. शेतातून माल काढायचा त्याला तोड म्हणतात, आणि काढून गाडीत घातलेल्या मालालाही तोडच म्हणतात. भाव मिळेपर्यंत कोणी एक टोमॅटो तोडायचा नाही, आणि तोडला तर पुलावरून जाऊ द्यायचा नाही. वरच्या अंगाच्या गावांनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी पेंढ्यांखाली माल लपवून पाठवायला लागली. पुलाच्या वर, रस्त्याच्या वळणावर चहाची टपरी होती. चहावाल्याला गाडी दिसली की तो हातवारे करायचा. इकडे गावाच्या पाण्याच्या टाकीवर गावाचं पाणी सोडणारा टाकीवाला भोंगा घेऊन बसलेला असायचा. तो भोंग्यातून ओरडायचा, तोड निघाली. की पुलावरची माणसं दगड उचलायची.

सात दिवसांत पाच वेळा ही हाक आली होती आणि पाचही वेळा खरी ठरली होती. तोड निघाली ही गावात आता शिवीच झाली होती. नवराबायकोचं भांडण झालं तरी बायको म्हणायची, तुमचीच तोड निघेल पहिली.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. त्यांनी लाठ्या चालवल्या, एका म्हाताऱ्याचं कोपर मोडलं, एकीच्या डोक्याला सात टाके पडले. गावातल्याच एका शहाण्याने पुलावरच्या मारामारीचा फोटो काढून पाहुण्यांना पाठवला होता. तो फिरत फिरत चौकीत पोचला आणि फोटोतल्या तिघांना रात्री घरातून उचलून नेलं. तेव्हापासून फौजदारिणीचा हुकूम होता की पुलावर कोणी फोन आणायचा नाही, सगळ्यांत मिळून एक फोन, तोही तिचा. तो आज नदीत गेला होता.

फोन जाऊन तासभर झाल्यावर तिला आठवलं की आज त्याच फोनवर निरोप येणार होता.

त्या दिवशी वरच्या अंगाच्या मोठ्या गावात, सरकारी कचेरीत बोलणी होती. साहेबांनी कारखान्याच्या मॅनेजरला बोलावलं होतं आणि शेतकऱ्यांचा एक माणूस या म्हणून सांगितलं होतं. एक म्हटल्यावर सगळ्यांनी फौजदारिणीच्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. त्याला गाव गोड्या म्हणायचं. जीभ अशी, की साप चावायला आला तर त्याचीही विचारपूस करेल. फौजदारीण स्वतः जायला निघाली होती, पण पैलवान म्हणाला, "तुम्ही गेलात तर बोलणी दवाखान्यात करावी लागतील, मावशी." आणि ती स्वतःच हसली होती.

आई गेली तेव्हा गोड्या चार वर्षांचा होता आणि ती चौदाची. तिने त्याला न्हाऊ घातलं, मारलं, शाळेत सोडलं, लग्न करून दिलं. लग्न होऊनही ती लांब गेली नाही. दोघांची शेतं एका बांधाला लागून होती. साऱ्या जगाला फौजदारीण, काकू, मावशी असलेली ही बाई एका माणसासाठी ताई होती. तिचा त्याच्यावर जीव होता, आणि हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं, कारण ती सगळं शिव्यांतूनच सांगायची.

पहाटे तो निघाला तेव्हा तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. चपला होत्या, एकीचा अंगठा शिवलेला.

"या घालून साहेबापुढे बसणार?"

तिने घरातून नवऱ्याचे बूट आणले. चामड्याचे, काळे, दोनदाच वापरलेले. गोड्याला ते मोठे झाले. मग तिने खाली बसून दोन्ही बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, आणि त्याच्या पायात चढवून स्वतः नाडी बांधली. चाळिशीचा माणूस, पण मुकाट्याने पाय पुढे करून बसला. त्याची बायको दारात उभी राहून हसत होती.

"वन्सं, मला कधी अशी नाडी बांधू देत नाहीत."

"तू गाठ घट्ट बांधशील म्हणून घाबरतो."

पुलापर्यंत ती त्याच्याबरोबर आली. दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून तो जाणार होता. पुलावर सगळी मंडळी जमलेली, सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. गाडीवर बसता बसता तो म्हणाला, "काळजी करू नकोस ताई. काहीतरी तोड काढूनच येतो."

"खबरदार," ती म्हणाली, "तोड काढलीस तर तुझीसुद्धा गाडी फोडीन."

पूल हसला. पैलवानाला तर ठसका लागला.

"अगं, त्या तोडीचं नाही म्हणत मी. तडजोडीचं म्हणतोय."

"कळतंय मला कुठल्या तोडीचं. जा आता, उशीर होईल."

"तोड निघाली की फोन करतो," तो म्हणाला, आणि गेला. मोठ्या बुटांमुळे त्याचे पाय मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना बदकासारखे दिसत होते. ती तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

मग तासाभराने तो चाऱ्याचा ट्रक आला होता, आणि फोन गेला होता.

"त्याच्याकडे चहावाल्याचा नंबर आहे," पैलवान म्हणाला. "लागला नाही तर तिकडे करेल. टाकीवरून कळवतील."

तेही खरं होतं. तिने तो विषय डोक्यातून काढला.

दुपार तापली. पुलावर सावली नव्हती. तुडवलेल्या मालाला आंबूस वास सुटला आणि माशा घोंगावायला लागल्या. कोणी गाडीचा तुटका पाटा आणला होता, कोणी पाइप, कोणी कुऱ्हाडीचा दांडा. बायकांनी पदरात दगड घेऊन कठड्यापाशी रचले. तोंडांना फडकी बांधलेली होती, फोटोच्या भीतीने बांधलेली, पण एकदा तोंड झाकलं की माणूस वेगळाच होतो हे तिथल्या प्रत्येकाला सात दिवसांत कळलं होतं. बोलणं एकच चाललं होतं. तो माणसं घेऊन येणार. गाडी भरून. कोणी म्हणालं, दोन गाड्या. कोणी म्हणालं, कारखान्याचे गुंडही आहेत, चाकू आहेत. तीन वाजेपर्यंत सगळ्यांनी ती माणसं जणू डोळ्यांनी पाहिली होती.

"आधी आपण मारायचं," पैलवान म्हणाला. त्याच्या हातात लोखंडी पहार होती. "त्यांना खाली उतरू द्यायचं नाही."

"हो," फौजदारीण म्हणाली. "खाली उतरू द्यायचं नाही."

आणि टाकीवरून भोंगा वाजला.

"तोड निघाली. तोड निघाली हो."

टाकीवाल्याचा काय दोष? चहावाल्याला फोन आला होता. चहावाल्याने तो नीट ऐकला, नीट समजला, आणि आनंदाने टपरीबाहेर येऊन दोन्ही हात वर करून नाचला. जे ऐकलं तेच ओरडून त्याने टाकीकडे सांगितलं. टाकीवाल्याने वरून पाहिलं की हा आज नेहमीपेक्षा जास्त हातवारे करतोय, म्हणजे गाडी मोठी असणार. सात दिवस जे ओरडत होता तेच तो पुन्हा ओरडला, जरा जास्त जोराने. पुलावर एकाच्याही मनात आलं नाही की या शब्दाला दुसराही अर्थ आहे. सकाळी त्याच अर्थावर सगळे हसले होते.

थोड्याच वेळात वळणावरून टेम्पो आला. ताडपत्री बांधलेली, खाली क्रेटची चौकट स्पष्ट दिसत होती. आणि हॉर्न. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

"मस्ती बघा," कोणीतरी म्हणालं.

"लपवतही नाहीत आता."

"गाडी थांबवणार नाही तो. अंगावर घालणार."

फौजदारीण पुढे झाली. या वेळी वाकायला वेळ होता. तिने दोन्ही हातांत धरावा लागेल असा दगड उचलला आणि खांद्यावर घेतला. पाट्यांकडे बघायला हवं होतं. सकाळी पाहिले होते, तीस वर्षं पाहत आली होती, पण आता ती काचेकडे बघत होती. काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसत नव्हतं. टेम्पो पुलाजवळ आला आणि तिने सगळ्या अंगानिशी दगड सोडला.

त्याच क्षणी टेम्पोने पुलाचा सांधा ओलांडला, आणि मागचे सगळे क्रेट एकदम खडखडले.

रिकामे होते.

तिला ते दगड काचेवर पोचायच्या आत कळलं. काच फुटली, टेम्पो डावीकडे वळला, कठड्याला घासत गेला आणि थांबला. हॉर्न वाजतच राहिला. "थांबा," ती ओरडली, "रिकामा आहे, थांबा." पण तिच्यामागे चाळीस माणसं होती आणि चाळीसही पुढे धावत होती. तिला कोणाचा तरी खांदा लागला, ती गुडघ्यांवर पडली. दगड तिच्या डोक्यावरून जात होते. ताडपत्री फाटली आणि क्रेट खाली यायला लागले, निळे, नवे, हलके. पडले की उड्या मारत होते. त्या आवाजात तिचं पुरे कोणालाच ऐकू गेलं नाही.

दोघांना बाहेर ओढलं. ड्रायव्हर चाकापाशी पडला, त्याच्यावर पाच-सहाजण तुटून पडले. दुसऱ्याला पुलाच्या मधोमध आणलं. त्याच्या तोंडाचं तोंड राहिलं नव्हतं. काच कपाळापासून हनुवटीपर्यंत घुसली होती, दगड जबड्यावर बसला होता, डोळे रक्ताने भरले होते. तो हात वर करून काहीतरी सांगत होता. तुटक्या दातांतून, रक्ताच्या गुळण्यांतून तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता.

"ओड... निहाली. अरे, तोड निघाली."

"निघाली ना?" पैलवान म्हणाला. "दिसतेय आम्हाला." आणि त्याने पहार खाली आणली.

हाड मोडल्याचा आवाज आला. माणूस खाली पडला. पाठीवर, पायांवर, हातांवर दांडे पडत राहिले. एकीने पदरातला दगड काढून त्याच्या छातीवर टाकला. तो आता ओरडत नव्हता, फक्त प्रत्येक घावाबरोबर थोडासा हलत होता. लाथांच्या माऱ्यात त्याच्या एका पायातला बूट निघाला, उडाला, आणि घरंगळत फौजदारिणीच्या पुढ्यात येऊन थांबला.

काळा, चामड्याचा. आत वर्तमानपत्राचा बोळा.

ती कशी उठली, तिला आठवत नाही. माणसांच्या पायांमधून ती आत शिरली आणि त्याच्यावर पालथी पडली. पाठीवर एक दांडा बसला, मग दुसरा. तिसरा हवेतच थांबला, कारण कोणीतरी म्हणालं, "अरे, फौजदारीण आहे."

मग हात थांबले. टेम्पोचा हॉर्न मात्र चालू होता, तो एकाने तार तोडून बंद केला.

तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. पुसल्यावर काही भाग सापडला. डाव्या भुवईवरची खूण सापडली, सहाव्या वर्षी तिनेच उलथनं फेकून मारलं होतं त्याची.

"ताई," तो म्हणाला.

"आहे मी. बोलू नकोस."

"तोड निघाली."

"हो रे राजा. ऐकलं मी."

"फोन केला... लागला नाही."

"माझाच मूर्खपणा. गप्प राहा. दवाखान्यात जाऊ."

"मागच्या वर्षीचा भाव," तो म्हणाला. "पूर्ण. मॅनेजरने सही केली. क्रेटपण दिले." त्याला हे सांगताना आनंद झाला होता. फुटलेल्या तोंडातही तो तिला दिसला. मग त्याने श्वास घेतला, आणि घेतलेला परत सोडला नाही.

ती बराच वेळ त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. हाताखाली सदऱ्याच्या खिशात घडी केलेला कागद लागला. तिने तो काढला. खाली साहेबांचा शिक्का होता, मॅनेजरची सही होती आणि शेतकऱ्यांच्या बाजूने गोड्याची सही, तो शाळेत असताना तिने शिकवली होती तशीच, शेवटच्या अक्षराला शेपटी ओढलेली.

तोंडावरची फडकी एकेक करून खाली आली. कोणी ओकलं. एक बाई कठड्याला डोकं टेकून मोठ्याने रडायला लागली आणि तिच्या नवऱ्याने तिला ओढत गावाकडे नेलं. माणसं अशीच पांगायला लागली, मागे मागे सरत. टेम्पोचा ड्रायव्हर जिवंत होता, चाकाला टेकून स्वतःच्या वाकड्या झालेल्या हाताकडे बघत होता. "मी सांगत होतो," तो म्हणाला, "तुमच्याच गावाचा माणूस आहे म्हणून सांगत होतो मी." त्याच्या डोळ्यांकडे कोणी बघितलं नाही.

पैलवान तिच्याजवळ उकिडवा बसला. पहार त्याने नदीत टाकली होती.

"मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "झालं ते वाईट झालं. पण आता पुढचं बघावं लागेल. चाळीस घरं आहेत. सकाळचा तो ट्रकवाला धमकी देऊन गेलाय, सगळ्यांनी ऐकलंय. त्यानेच मारलं म्हणायचं. वरच्या लोकांनी मारलं. सकाळच्या माराचा राग काढला म्हणायचं."

"आणि हा टेम्पोवाला?"

पैलवानाने टेम्पोवाल्याकडे पाहिलं. मग नदीकडे पाहिलं.

फौजदारिणीला कळलं की हे इथेच थांबलं नाही तर थांबणारच नाही. आधी हा टेम्पोवाला, मग तो नाक फुटलेला, मग वरच्या गावांतलं कोणी, मग आपल्यातलं. आणि तिला हेही कळलं की हो म्हणणं किती सोपं आहे. भाऊ शत्रूने मारला. असं म्हणून ती उरलेलं आयुष्य मान वर करून काढू शकली असती.

तेवढ्यात गावाच्या बाजूने तिची भावजय पळत आली. एका हातात फोन होता, दुसऱ्या हाताने निऱ्या धरल्या होत्या. पळताना हसत होती. वाटेतली माणसं तिला बघून बाजूला होत होती, मान खाली घालत होती, आणि तिला वाटत होतं की ही मंडळी घरी चालली आहेत कारण आता पुलावर बसायची गरज उरली नाही.

"वन्सं," ती लांबूनच म्हणाली, "ह्यांचा फोन आला होता. तुमचा लागेना म्हणून मला केला. तोड निघाली, वन्सं. मागचाच भाव. टेम्पो घेऊन निघालेत, पोचतीलच म्हणाले."

मग तिला टेम्पो दिसला. मग क्रेट. मग ती चालायला लागली, आणि मग थांबली.

"वहिनी," पैलवान उठून म्हणाला, "वरच्या लोकांनी घात केला. सकाळचा तो ट्रकवाला..."

"गप्प बस," फौजदारीण म्हणाली. त्याच आवाजात म्हणाली, ज्याचं दिवसभर माणसं ऐकत होती. "मी मारलं. पहिला दगड माझा होता. मग या सगळ्यांनी मारलं. हा ओरडून सांगत होता तोड निघाली, आणि आम्ही त्याला मारत होतो."

भावजय तिच्याकडे बघत राहिली. वाक्य तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. मग तिने फौजदारिणीच्या थोबाडीत मारली. एकदा मारली, पुन्हा मारली, हात दुखेपर्यंत मारत राहिली. फौजदारिणीच्या ओठातून रक्त आलं. आयुष्यात तिच्यावर कोणी हात उचलला नव्हता, आणि आज तिने तोंड पुढे केलं. मारून दमल्यावर भावजय खाली बसली. तिला नवऱ्याचा उघडा पाय दिसला. तिने रस्त्यावरचा बूट आणला, आतला बोळा सारखा केला, बूट पायात चढवला आणि नाडी बांधायला लागली. बोटांना गाठ जमत नव्हती.

वळणावर पुन्हा गाडी दिसली. टाकीवरून भोंगा वाजला नाही. टाकीवाला केव्हाच खाली उतरून टाकीच्या सावलीत डोकं धरून बसला होता.

सकाळचाच ट्रक होता. ड्रायव्हरच्या नाकावर चिकटपट्टी होती. दुपारी माणसं घेऊन येणार होता तो, पण निघता निघता त्याच्याही गावात फोन आला होता की तोड निघाली, भाव मिळाला, माल भरा. त्याने माणसांऐवजी माल भरला होता. मागे आणखी तीन ट्रक होते. पुलावरचं बघून त्याने गाडी थांबवली, पण खाली उतरला नाही. इंजिनही बंद केलं नाही.

फौजदारीण त्याच्या दारापाशी गेली. तो मागे सरकला.

"चौकी कारखान्याशेजारी आहे ना?" तिने विचारलं.

"हो."

"आम्हाला तिथे सोड. हा टेम्पोवाला जिवंत आहे, त्याला आधी दवाखान्यात उतरव."

ड्रायव्हर तिच्याकडे बघत होता. ही सकाळचीच बाई आहे का, हे त्याला कळेना. "मागे माल आहे," तो म्हणाला. "जागा नाही."

"मालावर बसू."

त्याने थोडा विचार केला, मग खाली उतरला. रस्त्यातले निळे क्रेट त्याने पायाने बाजूला केले, आणि त्याने आणि पैलवानाने मिळून गोड्याला वर चढवलं. टेम्पोवाल्याला पुढे बसवलं. पैलवान वर चढायला लागला तेव्हा फौजदारीण म्हणाली, "तूही चल. तुला सांगायचं असेल ते तिथे सांग." तो चढला आणि कोपऱ्यात गुडघ्यांत तोंड घालून बसला.

भावजय नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. फौजदारीण त्याच्या पायांशी बसली. कागद तिच्या हातात होता. ट्रक निघाला, पुलाचा दुसरा सांधा आला, आणि ती सवयीने ऐकू लागली. गाडी सांध्यावरून गेली. पुढे रस्ताभर खड्डे होते, पण क्रेट वाजले नाहीत.